घटकभार

मार्केट यार्डात हळदीचा सौदा आटोपला की
पोत्यांच्या थप्पीला टेकून मी विचारायची:
पूर्ण असहमत, असहमत, सांगता येत नाही,
सहमत, पूर्ण सहमत.
यातलं एक बोला.

"दुखणं म्हणजे आत काहीतरी मोडल्याची खूण."
इलाही नदाफ म्हणाला, "मोडलं असतं तर उभा असतो का?"
मी दोनवर गोल केला.
"माझं दुखणं माझ्या ताब्यात असतं."
"घरात असतंय. ताब्यात न्हाई."
यावर गोल कुठं करायचा ते मलाच सांगता येईना,
म्हणून सांगता येत नाही.

चोवीस विधानं परदेशातनं आलेली.
मिरजेच्या होस्टेलवर दोघींनी मराठीत आणली,
तिसरीनं ताडून बघायला परत इंग्रजीत नेली.
जाताना ठणका वाटेत सांडला,
कळ आणि चमक एकाच शब्दात दाटीनं बसल्या,
अवघडणं तर निघालंच नाही.

पंचविसावं विधान सिदू ऐवळेचं.
"सगळं इचारलं बाई, ह्ये न्हाई इचारलं:
मी बसलो तर माझ्या जागी दुसरा उभा ऱ्हातोय."
मगदूम सर म्हणाले, घाल. बघू.

दोनशे बारा माणसं झाली.
कागदांवर हळदीचे अंगठे.
एका ठिकाणी डाग बरोबर तीन आणि चारच्या मधोमध.
रात्री आकडे भरताना त्याच्याकडे बराच वेळ बघितलं
आणि चार लिहिलं.
हे प्रबंधात नाही.

पडद्यावर उताराचा आलेख आला:
तीन बिंदू उंच, मग एकदम घसरण,
मग दांडोबाच्या पायथ्याला असतो तसा धोंड्यांचा खच.
सर म्हणाले, कडा संपतो तिथं थांबायचं.
खच मोजायचा नाही.
तर तीन घटक. मी त्यांना नावं दिली
(ठेवली म्हणवत नाही):
इजेची भीती, नशिबाचा वाटा, आपला आपण इलाज.

नंतर अक्ष फिरवले.
फिरवल्यानं बिंदू जागचे हलत नाहीत,
कोण कुणाच्या जवळ तेवढं नीट दिसतं.
यार्डात हे रोजचं.
डाव्या खांद्यावरचं पोतं उजव्यावर:
किलो तेवढेच, मणका तोच,
घटकाभर चेहरा निराळा.

एखादं विधान घटकावर किती टेकलंय
त्याला आमच्यात भार म्हणतात.
पॉइंट चारच्या खालचा भार छापत नाहीत.
तक्त्यात तिथं मोकळी जागा,
झाडून घेतलेल्या फरशीसारखी.

पंचविसाव्यापाशी मशीन अडलं.
इलाही पाच. तायव्वा पाच.
नशीब मानणारे पाच, न मानणारे पाच,
यंदाच कामावर लागलेला तो पोरगा,
ज्याचं अजून काहीच दुखत नाही,
तोही पाच.
फरक शून्य, मशीननं कळवलं,
या स्तंभाचा कशाशीच संबंध काढता येत नाही.
बरोबर आहे, सर म्हणाले,
सगळ्यांचं जे सारखंच
त्यानं माणसं वेगळी होत नाहीत.
वगळ.

वगळलं.
पान एकसष्ट, तळटीप, दीड ओळ.

परवा सिदूनं हटकलं.
"काय निघालं मग आमच्या दुखण्यातनं?"
तीन घटक, म्हटलं. बावन्न टक्के कळलं.
"निम्म्याच्या वर की!" तो खूश झाला.
"आन् माझं?"
तुमच्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत झालं.
"म्हंजी पयला नंबर."
मी हो म्हणाले.

ट्रकची फळी धाडकन पडली.
त्यानं कमरेचा आकडा काढला,
लोखंडी, टोकाशी झिजून उजळलेला,
आणि पोत्यात रुतवला.